बाळंतिणीच्या खोलीला खिडकी

मामाजी,

काल तुमची तेरवी झाली. पाहुणे पांगले, मांडव निघाला, उसनी आणलेली भांडी ज्याची त्याला पोचती झाली. हे मळ्यात गेलेत. या गडबडीत मिरचीला पाणी द्यायचं राहून गेलं होतं. जनाआत्या ओसरीवर आडव्या झाल्यात. शेवंता त्यांच्या कुशीत झोपली आहे. पाहुणे गेल्यावर आज पहिल्यांदा जाणवलं, घरात कोणी खोकत नाही.

हे वाक्य लिहिलं आणि हात थांबला. सुनेनं सासऱ्याविषयी असं लिहावं का? पण तुम्ही गेलात त्या सकाळी आळीतल्या बाया गळ्यात पडून रडत होत्या आणि मला रडू येत नव्हतं. मला हायसं वाटत होतं. दिवाळीपासून तुम्हाला दम्यानं आडवं होऊ दिलं नव्हतं. बाजेवर बसून, मांडीवर उशी घेऊन, तिच्यावर डोकं टेकून तुम्ही दिवस काढलेत. छातीतली शिट्टी परसात ऐकू यायची. त्या सकाळी मी पेज घेऊन आले तर ओट्यावरच्या उन्हात तुम्ही भिंतीला टेकून बसला होता आणि शिट्टी थांबली होती. चेहऱ्यावर ओढाताण नव्हती. मला आधी वाटलं, बरं वाटतंय तुम्हाला, डोळा लागलाय. मग कळलं. तरी पहिला विचार तोच राहिला, की बरं वाटतंय.

रडू आलं ते नंतर. चौथ्या-पाचव्या दिवशी मागच्या खोलीत गेले तेव्हा.

आपल्यात कितीतरी वेळा वाद झाला तो त्या खोलीवरूनच. तो अर्धाच राहिला, म्हणून आज लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे ठाऊक आहे. मीच वाचून दाखवत असे तुम्हाला सगळं.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा ती खोली म्हणजे अंधार होता. घराच्या मागच्या अंगाला, एकीकडे सरकीची पोती, दुसरीकडे कडबा, मधे एक बाज मावेल एवढी जागा. दार एकच, तेही घरात उघडणारं. घरातली बाई दिवसात आली की पोती सरकवायची, बाजेखाली शेगडी ठेवायची, ओवा-शेपाची धुरी करायची आणि दार लावून घ्यायचं. माझी आई लहानपणीच गेलेली. वडील सरकारी मराठी शाळेत मास्तर, मध्यप्रांत-वऱ्हाडात कुठे कुठे बदली होईल त्या गावी एकटे राहणारे. बाळंतपणाला जायला मला माहेर नव्हतं. त्यामुळे माझी पहिली दोन्ही बाळंतपणं त्याच खोलीत झाली. पहिली मुलगी रडलीच नाही. दुसरा मुलगा रडला, दूधही प्यायला, आणि पाचवी पुजायच्या आधी गेला. धुरानं मला त्याचं तोंड धड दिसलंही नव्हतं.

म्हणून तिसऱ्या वेळी मी ठरवलं होतं की काहीच करायचं नाही. टोपडं शिवायचं नाही, दुपटं फाडायचं नाही, नाव मनात आणायचं नाही. पोटात कोणी आहे हे मी स्वतःशीसुद्धा बोलत नव्हते. जनाआत्यांचंही तेच म्हणणं होतं. आधी तयारी केली की नजर लागते, असं त्या म्हणायच्या, आणि मला त्यांचा आधार वाटायचा.

आणि एक दिवस बाजार करून तुम्ही मळ्यात न जाता थेट मागच्या खोलीत गेलात. सरकीची पोती एकट्यानं ओढून बाहेर काढलीत. मग मागच्या भिंतीवर सब्बलीचे घाव ऐकू आले.

जनाआत्या धावत परसात गेल्या. "दादा, काय करून राह्यला हे? भरल्या घराची भीत फोडतेत का कोणी?"

"भितीले भोक पाडून राह्यलो, जने. कोणाचं काही फोडून नाई राह्यलो."

"पोरीचे दिवस भरत आले अन् तू घर उकरून राह्यला!"

"दिवस भरत आले म्हणूनच."

मी दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "माय, बाज कोण्या अंगाले टाकू? खिडकीपाशी का दारापाशी?"

मला काय झालं कोण जाणे. सासऱ्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. "मामाजी, काहीच नका करू," मी म्हटलं. "मले भेव लागते."

तुम्ही सब्बल खाली ठेवलीत. "भेव तं मलेई लागते. पण भेव लागते म्हणून आपण वाफा कराचं सोडतो का? बी पडाच्या आंधी जमीन तयार पाह्यजे. येणाऱ्याले समजलं पाह्यजे, की आपली वाट पाहून राह्यले."

"पहिल्या दोघांची वाट नाई पाह्यली का आपण?" मी म्हटलं. "अन् मी वाफा नाई, मामाजी."

तुम्ही भिंतीकडे वळलात. मीही घाबरून आत निघून गेले. संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात, मी भाकरी वाढून लगेच चुलीकडे वळले. तुम्ही मात्र ताटाकडे बघतच म्हणालात, "खरं हाय तुयं. तू वाफा नाईस. मले मळ्याबाहेरचं बोलता येत नाई, त्याले काय करू? बोललो ते इसरून जाय. खिडकी मात्र मी पाडतोच."

त्या घरात कोणी मोठ्या माणसानं मला खरं हाय तुयं म्हटल्याचं ते पहिलंच.

खिडकी झाली. चौकट करायला रहीमचाचा सुतार आले. भोक बघून ते हसतच सुटले. "दादा, इतनी बडी? दुकान खोलनेका है क्या?" तुम्ही म्हणालात, "आपल्या मोटेचं जुनं लाकूड हाय ना पडलेलं, ते पुरते तेवढी मोठी कर." लाकूड पुरलं आणि खिडकी मोठीच झाली. लहान मूल उभं राहील एवढी. मग तुम्ही पांढरी माती कालवलीत आणि खोली पोतारायला घेतलीत. बाप्या माणसानं बाळंतिणीची खोली पोतारायची, हे आपल्या मोताळा गावात कोणी पाहिलं नव्हतं. बाया पाणी भरायला जाताना आपल्या परसातून वाट काढू लागल्या. हे तर लाजून मळ्यातच राहायचे. तुम्ही कोणाला काही म्हटलं नाहीत. धुरानं काळी झालेली भिंत एका हातानं पांढरी होईना, म्हणून दुसरा हात दिलात, मग तिसरा.

आणि चित्रं! भिंत वाळल्यावर तुम्ही गेरू कालवून बाभळीच्या काडीनं चित्रं काढायला बसलात. मी डोकावले तर एका कोपऱ्यात भलंमोठं वांगं होतं, देठासकट.

"वांगं काऊन काढलं, मामाजी?"

"वांगं?" तुमचा चेहरा पडला. "हत्ती हाय तो, माय."

मला हसू आवरेना. पोट धरून हसले. तुम्हीही हसलात, मग खोकलात, मग पुन्हा हसलात. जनाआत्या आतून ओरडल्या, "पोटुशी बाई असं हसते का!" पण हसू थांबेना. त्या हत्तीला तुम्ही मग आणखी दोन पाय काढलेत आणि तो वांग्याचा कुठलासा चमत्कार दिसायला लागला. त्याच्या शेजारी मोर, त्याला मी कोबी म्हणायचे. बैल मात्र बैलासारखा झाला होता, कारण तो तुम्ही आपल्या ढवळ्याला समोर बांधून काढलात.

एकदाच तुम्ही खोलीचं खरं कारण सांगितलंत. चौकटीभोवती चिखल लिंपत होतात. मी परसात मेथी निवडत बसले होते. तुम्ही भिंतीकडे तोंड करूनच बोललात.

"नामाची माय इथंच गेली."

मला एवढं माहीत होतं की यांची आई दुसऱ्या बाळंतपणात गेली, आणि विधवा जनाआत्यांनी येऊन यांना वाढवलं. इथेच, हे माहीत नव्हतं. कोणी बोललंच नव्हतं.

"ते बिचारी आतून म्हणे, दार उघडं टाका, जीव गुदमरून राह्यला. मी दाराबाहेरच होतो. बाप्यानं जाऊ नाई म्हणत, म्हणून नाई गेलो. जनीनं दार लावून घेतलं, वारं लागंल म्हणून. तिचंई चुकलं नाई. तिले जे सांगतलं होतं ते तिनं केलं."

तुम्ही हात धुतलेत आणि मळ्यात निघून गेलात. मी मेथी तशीच टाकून बसून राहिले. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तुम्ही कुठे बसला होता ते मला तेव्हा आठवलं. दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून. मला वाटायचं नातवाच्या आशेनं बसलेत.

जनाआत्यांचं मनही मला त्यानंतरच दिसायला लागलं. दिवसभर त्या तुमच्याशी भांडायच्या, आणि दुपारी सगळे मळ्यात गेले की ट्रंकेतून एक जुनं हिरवं लुगडं काढून पायाखाली दाबून काहीतरी शिवत बसायच्या. मी गेले की झाकायच्या. ती त्यांच्या वहिनीच्या लुगड्याची गोधडी होती, लहानशी, हातभर जिवाला पुरेल एवढी. मी न पाहिल्यासारखं केलं.

पाळण्यावरून मात्र मी हटले नाही. रहीमचाचांनी उरल्या लाकडाचा पाळणा केला आणि तुम्ही तो मोठ्या हौसेनं आढ्याला टांगलात. मी आत गेले आणि तो वाऱ्यानं हलत होता. "मामाजी, रिकामा पाळणा मले पाहवत नाई," एवढंच म्हणू शकले. तुम्ही लगेच स्टूल घेऊन चढलात, दोर सोडलेत आणि पाळणा खांद्यावर टाकून रहीमचाचांच्या घरी ठेवून आलात. खिडकीसाठी साऱ्या आळीशी भांडलात आणि पाळण्यासाठी माझ्याशी एका शब्दानंही नाही. तेव्हापासून मला तुमची भीती वाटेनाशी झाली.

आता तुम्हाला कधी न सांगितलेलं सांगते. तुम्ही मळ्यात गेलात आणि आत्या शिवायला बसल्या की मी त्या खोलीत जायची. दार लोटून घ्यायची आणि बाजेवर बसायची. खिडकीतून ऊन यायचं, थेट त्या हत्तीच्या पायापर्यंत. ओल्या मातीचा वास असायचा. तिथे बसून मी पोटातल्या जिवाशी पहिल्यांदा बोलले. काय बोलले? काही नाही. हे वांगं दिसतं पण हत्ती आहे बरं का, असलं काहीतरी. नळगंगा नदीला पाणी किती आहे ते सांगितलं. बाहेर आले की पुन्हा तोंड मिटून कामाला लागायची. तुम्हाला सांगितलं असतं तर वाद तिथेच संपला असता आणि तुम्ही जिंकला असता. म्हणून सांगितलं नाही.

कळा सुरू झाल्या त्या पहाटे तुम्ही दमणीला बैल जुंपलेत आणि मलकापूरला गेलात, दवाखान्यातल्या नर्सबाईंना आणायला. आधी जाऊन त्यांना सांगून ठेवलं होतंत, हेही कोणाला माहीत नव्हतं. लढाईचे दिवस, रॉकेल मिळत नव्हतं, मोटारीचा भरवसा नव्हता. तुम्ही परत येईपर्यंत सूर्य डोक्यावर आला होता. गावातली सुईण आणि जनाआत्या माझ्यापाशी होत्या. नर्सबाईंनी आल्या आल्या हात धुवायला ऊन पाणी मागितलं, शेगडी बाहेर काढायला लावली आणि खिडकी सताड उघडली. आत्या "वारं" म्हणाल्या आणि मग स्वतःच बाजूला सरल्या.

मुलगी झाली तेव्हा नाळेचा फास गळ्याभोवती होता. रंग निळा. रडली नाही. मला ती शांतता ओळखीची होती. मी डोळे मिटून घेतले. नर्सबाई तिला घेऊन खिडकीशी गेल्या, उन्हात धरून तोंडातलं काढलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. मला दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. आणि मग ती रडली, मामाजी. आधी मांजरासारखी, मग चांगली ठणठणीत.

जनाआत्या रडतच बाहेर सांगायला गेल्या. तुम्ही खिडकीच्या बाहेर, परसात भिंतीला टेकून बसला होता. तुमचं बोलणं मला आत ऐकू आलं.

"दादा, पोरगी झाली."

"रडली ना?"

"आयकली नाई का?"

"आयकली. पण तू सांग."

"रडली बाप्पा, रडली!"

"मंग झालं," तुम्ही म्हणालात. उठून रहीमचाचांकडे पाळणा आणायला गेलात.

शेवंता नाव तुम्हीच ठेवलंत. आणि तिथून आपला वाद पुन्हा लागला, जो शेवटपर्यंत चालला. तुमचं म्हणणं, आपण वाट पाहिली, जागा केली, म्हणून ती राहिली. माझं म्हणणं, नर्सबाई होत्या म्हणून राहिली.

"नर्सबाईले दिसलं कायच्यानं?" तुम्ही विचारायचात.

"उन्हानं."

"अन् उन्हाले आत कोणं घेतलं?"

"तुम्ही घेतलं. पण वाट पाहून कोणी जगत नाई, मामाजी. मंग माह्या पहिल्या दोघांची वाट कमी पडली का?"

इथे तुम्ही दरवेळी अडायचात. एकदा म्हणालात, "नाई वं माय, कमी नाई पडली. पण मले दुसरं सांगता येत नाई." या दिवाळीत, दमा वाढल्यावर, मी पाठ चोळत असताना तुम्ही पुन्हा तोच विषय काढलात. "त्या वादाचं काय झालं आपल्या?" मी म्हटलं, "तुम्ही बरे व्हा, मंग सांगीन." तुम्ही बरे झाला नाहीत.

तर सांगते. मी अजूनही तुमच्या बाजूची नाही. वाट पाहण्यानं मूल जगत नाही. फास काढणारे हात लागतात, ते हात धुवायला ऊन पाणी लागतं, आणि दिसायला उजेड लागतो. त्या दोघांच्या वेळी यातलं काही नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता, माझा नव्हता, तुमचाही नव्हता. पण चौथ्या-पाचव्या दिवशी त्या खोलीत उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की शेवंता रडली नसती, तरी त्या खोलीत बसून काढलेल्या दुपारी माझ्याजवळ राहिल्या असत्या. मी तिच्याशी बोलले होते, ते राहिलं असतं. पहिल्या दोघांशी मी एक शब्द बोलले नव्हते, मामाजी. त्या अंधारात सुचलंच नाही. तुम्हाला वाटत होतं तुम्ही येणाऱ्यासाठी खोली करत आहात. तिथे बसायला मी येत होते. तेव्हा रडले मी, पोटभर. रडून झाल्यावर फार बरं वाटलं.

जनाआत्या काल तेरवीच्या पंगतीनंतर माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "दादा माह्यावर कधी रागावला नाई वं. दार म्या लावलं होतं, तरी नाई." मी सांगितलं, तुम्ही मला काय म्हणाला होता ते. तिचंई चुकलं नाई, हे तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "मले काऊन नाई सांगतलं त्यानं?" आणि लगेच, "जाऊ दे. आज समजलं." रात्री त्या कितीतरी वर्षांनी जेवून लगेच झोपल्या. तुम्ही स्वतः त्यांना सांगायला हवं होतंत, एवढं मात्र मी म्हणणार.

आणखी एक. हे अजून मी यांनाही सांगितलेलं नाही. मला दिवस गेलेत. तुमची शिट्टी घरभर चालू होती तेव्हाच मला शंका आली होती, पण त्या गडबडीत बोलावंसं वाटलं नाही. या खेपेला मला भीती वाटत नाही असं नाही. पण तोंड मिटून बसायचं नाही, एवढं ठरवलंय. उद्या नदीवरून पांढरी माती आणणार आहे आणि खोली आतापासूनच पोतारायला घेणार आहे. कोणी काही म्हटलं तर म्हणू दे.

लोक काय म्हणणार ते मला आताच ऐकू येतंय. पोरगा झाला तर सारी आळी म्हणेल, म्हातारा परत आला. जनाआत्या नाकाडोळ्यांत तुम्हाला शोधतील. मी काही तसं म्हणणार नाही. मामाजी, तुम्ही येऊ नका. जन्मभर पाणी ओढलंत, दोन महिने बसून काढलेत, आता कुठे तुम्हाला आडवं होता आलंय. निवांत झोपा. जो कोणी येतोय तो त्याचा तो येऊ दे. त्याचं सगळं मी बघते.